वायरीचं उघडं टोक

आप्पा घरातल्या घरातसुद्धा गाड्या सोडत असत. पनवेलच्या एसटी डेपोत ते कंट्रोलर होते. नोकरी संपली, पण घोषणा त्यांच्या गळ्यातून गेल्या नाहीत. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "नेऱ्याच्या प्रवाशांनी लक्ष द्यावे, चहा फलाट क्रमांक एकवर लागला आहे." फलाट क्रमांक एक म्हणजे गॅसशेजारचा ओटा, आणि नेऱ्याचा प्रवासी म्हणजे मी, नेरे गावातून शिकायला येऊन त्यांच्याकडे राहिलेला. माझं नाव त्यांनी क्वचितच घेतलं. मी त्यांच्यासाठी कायम 'नेरेकर'च राहिलो.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे दुसऱ्याच्या घरी राहताना काय विचारावं आणि काय विचारू नये, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. आप्पांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. आप्पांनी मला बाहेरच्या खोलीत खाट दिली होती. आतल्या खोलीला कुलूप होतं. माझी आई एकदा घर बघायला आली, तेव्हा तिची नजर त्या कुलपावरच अडकली. जाताना जिन्यात ती मला म्हणाली, "आत आख्खी खोली रिकामी हाय नि तुला दारात निजवलाय? ईचार की त्यांना."

"नाय विचारणार," मी म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. दर शनिवारी आप्पा त्या दाराची कडी कोरड्या फडक्यानं पुसत. कुलूप मात्र काढत नसत.

त्यांच्या टीव्हीला एक खोड होती. पडद्यावर माणूस आला की त्याच्या उजव्या अंगाला त्याचीच एक फिकट सावली उभी राहायची. माणूस हलला की तीही हलायची. आप्पा म्हणत, "आज बातम्यांना बाई जोडीनं आल्यात." मग खुर्ची पुढे ओढून त्या सावलीवर हळूच बोट ठेवत. "पुढचा माणूस सगळ्यांना दिसतो, नेरेकर. हा मागचा कोण, ते कुणी विचारत नाही." मी हसायचो. पण संध्याकाळी एकटा असलो की टीव्ही लावायचो नाही.

एके दिवशी केबलचे इस्माईलभाई दारात आले. आमच्या भागाच्या लायनी तेच बघायचे. चपला न काढताच म्हणाले, "आप्पा, नंदूच्या नाटकाची कॅसेट गावली. माळ्यावर होती. बुरशी लागलीय. एकदा चालेल, परत चालेल याची गॅरंटी नाय. आमचा शेट कॅसेट बाहेर देत नाय नि कुणाला आतही घेत नाय. पण रविवारी दुपारी आपल्या चॅनलवर लावायला तयार झालाय. काय ते रेकॉर्ड करून घ्या."

आप्पा खाली बसले. इस्माईलभाई गेल्यावर त्यांनी सांगितलं. नंदू त्यांचा मुलगा. गणपतीच्या मंडळात त्यानं एका एकांकिकेत म्हाताऱ्याचं काम केलं होतं, तेव्हा केबलवाल्यांनी चित्रण करून ते दाखवलं होतं. पुढच्याच उन्हाळ्यात तो काविळीनं गेला. कॉलेजात होता. माझ्याएवढाच.

"फोटो आहेत माझ्याकडे," आप्पा म्हणाले, "पण फोटोत तो चालत नाही ना. तुझ्या त्या कॉम्प्युटरवर येईल का रे हे?"

माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मित्रानं दिलेलं ट्यूनर कार्ड होतं. केबलची वायर त्याला जोडली की टीव्ही दिसायचा आणि रेकॉर्डही व्हायचा. मी "येईल" म्हणालो आणि वायर जोडून पाहिली. टीव्हीवर बरं वाटणारं चित्र कॉम्प्युटरवर भयंकर दिसत होतं. सगळीकडे मुंग्या, आणि सावली तर आणखी ठळक. नंदू एकदाच दिसणार होता आणि तो असा दिसणार होता.

मी वायरीची गंजलेली पिन कापून नवी बसवली. मुंग्या कमी झाल्या. चॅनल किंचित मागेपुढे सरकवून पाहिलं, कॉम्प्युटरच्या वायरींपासून केबल लांब नेली. चित्र स्थिर झालं, पण सावली जागची हलेना. शेवटी मी भिंतीवरून वायर हातानं चाचपत गेलो. कपाटामागे एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर होता. एक वायर टीव्हीकडे येत होती. दुसरी कुलूपबंद दाराच्या फटीतून आत गेली होती.

"आप्पा, आतल्या टोकाला काय जोडलंय?"

"काही नाही."

"मग त्यानंच होतंय. सिग्नल त्या टोकापर्यंत जातो. घ्यायला कुणी नसलं की तसाच परत फिरतो. थोडा उशिरा पोचतो, म्हणून सावली पडते. ती वायर काढली की..."

"ती काढायची नाही."

हा आवाज घोषणेचा नव्हता. काय बोलून गेलो ते मला तेव्हा कळलं.

आप्पा कडीकडे बघत म्हणाले, "त्याला त्याच्या खोलीत टीव्ही हवा होता. पास हो, घेऊन देतो, म्हटलं होतं मी. त्यानं लगेच वायर ओढून ठेवली. मी म्हटलं, अरे, निकाल तर लागू दे. निकाल लागला तेव्हा तो दवाखान्यात होता." मग त्यांनी विचारलं, "वायर न काढता दुसरा काही उपाय?"

"आहे," मी भीत भीत म्हणालो. "त्या टोकाला टीव्ही जोडायचा."

रविवारी सकाळी आप्पांनी कुलूप काढलं. मी बाहेरच थांबलो. दारातून खाट दिसली, वर गुंडाळलेली गादी, आणि जमिनीवर वेटोळं घातलेली काळी वायर. आम्ही दोघांनी टीव्ही उचलून आत नेला. आप्पांनी पिन स्वतः बसवली. मी बाहेर येऊन कॉम्प्युटर पाहिला. बातम्यांची बाई एकटी होती.

दुपारी आप्पा आत बसले आणि दार लोटून घेतलं. दोन्हीकडचा आवाज एकमेकांत मिसळायला लागला, म्हणून मी माझे स्पीकर बंद करून रेकॉर्डिंग सुरू केलं. नंदू आला. केसांना पावडर लावलेली, पाठीला बाक, हातात काठी. कित्येक वर्षांनी गावी परतलेला म्हातारा. एकच नंदू, स्वच्छ. आतून आप्पांचं हसू ऐकू आलं. मग त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही.

संध्याकाळी मी त्यांना रेकॉर्डिंग दाखवलं तेव्हा माझी चूक कळली. आवाज कार्डातून घेण्याऐवजी कॉम्प्युटरनं टेबलावरच्या माइकचा घेतला होता. पंख्याची घरघर, रस्त्यावरची रिक्षा, आणि दाराआडून येणारं अस्पष्ट नाटक. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज बंद कर. वाक्यं पाठ आहेत मला." आणि मुक्या चित्राकडे बघत म्हणाले, "म्हातारपणी अस्साच दिसला असता." इस्माईलभाईंनी नंतर सांगितलं की कॅसेट मशीनमध्येच तुटली.

त्या रात्रीपासून आप्पांनी मला आतल्या खोलीत झोपायला सांगितलं. टीव्ही तिथंच राहिला. सकाळी घोषणा बदलली होती: "आतल्या प्रवाशांनी लक्ष द्यावे." अनेकवचन आधीही होतं, पण आता ते मला दर वेळी जाणवायचं. वळून बघायचा धीर मात्र झाला नाही.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा गेले. मी हॉस्टेलवर आलो. आता सगळीकडे सेटटॉप बॉक्स आलेत. त्यात सावली पडत नाही. चित्र असतं, नाहीतर चौकोनांत फुटतं.

परवा मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा आवाजासकट शेवटपर्यंत पाहिलं. शेवटच्या प्रवेशात म्हातारा आपल्या जुन्या घरापुढे उभा राहतो, काठी टेकतो आणि हाक मारतो, "कुणी आहे का घरात?" उत्तर येत नाही. नाटकच तसं आहे, घर रिकामं असतं. नंदू मान तिरकी करून वाट बघत थांबतो.

पंखा घरघरत असतो. आणि दाराआडून, अगदी हळू, घोषणेचा नसलेला तो आवाज येतो.

"आहे रे. आहे मी."