थांबाबाई तळमजल्यावर जातात

ऑफिसात तिला सगळे थांबाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. मीटिंग रंगात आली, सगळ्यांच्या माना डुलायला लागल्या, की हिचा हात वर. "थांबा. हे नक्की कुणाला हवंय?" झालं! सगळ्या उत्साहावर पाणी.

ती प्रॉडक्ट मॅनेजर होती. घरी ही नोकरी समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ आले होते. वस्तू ती बनवत नव्हती, विकतही नव्हती. काय बनवायचं ते ठरवत होती. शेवटी सासूबाईंनीच ते सोपं करून टाकलं. शेजारीपाजारी विचारलं की त्या ताठ मानेनं सांगायच्या, "आमची सून ठरवते." पुढे काही विचारायची कुणाची टाप नसे.

तिची कंपनी डॉक्टरांची वेळ घ्यायचं ॲप चालवायची. ॲपमध्ये काही नवीन आणलं की आणणाऱ्याच्या खुर्चीला फुगा बांधायचा, अशी तिथली पद्धत. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नावच फुगेवाला पडलं होतं. त्याच्याकडे बारा महिने वाढदिवसाचा थाट. हिची खुर्ची बोडकी. आणि आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. तिला ती हवी होती. उगाच आढेवेढे घेणाऱ्यातली ती नव्हे. अगदी जीव तोडून हवी होती.

म्हणून ती आपल्या जुन्या साहेबांकडे गेली. निवृत्त झालेले साहेब गच्चीवर कुंड्यांतली माती कालवत बसले होते.

"सर, फुगे कसे वाढवू?"

"कशाला वाढवतेस? खाली जा."

"खाली?"

"तळमजल्यावर. तक्रारींचे फोन घेतात ना, तिथे. निवड होईपर्यंत तिथेच बस."

"लोक म्हणतील, हिला शिक्षा झाली."

"म्हणू देत की! वर बसलेल्या सगळ्यांना एकच दिसतं. त्यांच्यापेक्षा वरचढ व्हायचंय ना तुला? मग त्यांना दिसत नाही ते बघून ये." हात मातीनं भरले होते, म्हणून साहेबांनी कोपरानंच जिन्याकडे खूण केली.

असला सल्ला ऐकून कुणीही कपाळावर हात मारून घेतला असता. तिनंही घेतला. पण गेली.

तळमजल्यावरची खोली लांबोडकी, बिनखिडक्यांची. प्रत्येक टेबलावर एक फोन आणि साय धरलेला चहाचा कप. फोन घेणाऱ्या मुलींच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी तिला कोपऱ्यातली डुगडुगती खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "गरम चहाची सवय असेल तर सोडून द्या."

आता वरची गंमत ऐका. वरच्या हॉलमध्ये भिंतीवर एक भलामोठा पडदा होता. लोक ॲपमध्ये किती वेळ रमतात, त्याचा आकडा त्यावर झळकायचा. 'वेळ बदला' हे पान म्हणजे तर विभागाची शान. फुगेवाल्यानं तिथे डॉक्टरांचे फोटो, तब्येतीच्या टिपा, रंगीत कॅलेंडर असं काय काय मांडलं होतं. लोक तिथे रेंगाळायचे, आकडा चढायचा, टाळ्या पडायच्या.

आणि खाली फोन खणखणायचे. "अहो, वेळ बदलायचं बटण कुठंय?" "ताई, सगळं दिसतंय हो, बटण तेवढं दिसत नाही." फोन बदलायचा, आवाज बदलायचा, रडगाणं तेच. लोक रमत नव्हते, अडकत होते! आणि वरचे शहाणे त्यांना रमलेले समजून टाळ्या पिटत होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात पुढचा फोन आला, तो तिनंच उचलला. "मुली, मी परत तीच गं. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकलायचीय."

हा आवाज तर घरचा. सासूबाई!

"आई, अहो, मी बोलतेय."

"अगबाई! तू तिथे कशी?"

"ते राहू दे. मला का नाही विचारलंत? एका घरात राहतो ना आपण!"

"कसं विचारू? गावभर सांगत फिरते, आमची सून ठरवते म्हणून. आणि तुलाच येऊन सांगू, की तू ठरवलेलं मला जमत नाही?"

तिला रडूच कोसळलं. ताईंनी आपला रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली आणि म्हणाली, "थांबा. या पानावरचं सगळं काढायचं. तारीख आणि बटण, एवढंच ठेवायचं."

फुगेवाला उसळला. "आकडा धाडकन पडेल! निवडीच्या तोंडावर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस."

"एक दुपार खाली बस. मग भांड माझ्याशी."

तो तणतणत गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. फोटो आणि टिपा त्यानं स्वतःच्या हातानं काढल्या. मनानं चांगला होता हो तो, फुग्यांच्या नादी लागला होता इतकंच.

आकडा पडला तो पडलाच. निवडीच्या दिवशी कंपनीच्या मोठ्या मॅडमनी तिच्यासमोर तो ठेवला. "खुर्चीला एक फुगा नाही. वर हा आकडा असा झोपवलात. तुम्हाला प्रमुख का करावं?"

"मॅडम, जरा खाली येता?"

तळमजल्यावर कधी नव्हे ती शांतता होती. एखाददुसरा फोन वाजत होता, बाकी सारे फोन गप्प. मुली गप्पा मारत होत्या आणि ताई बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालत होत्या.

"फोन बंद पडलेत का?" मॅडमनी एक रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"चालू आहेत, मॅडम," ताई म्हणाल्या. "लोकांची कामं व्हायला लागलीत."

मॅडमनी रिसीव्हर खाली ठेवला, थांबाबाईकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. "जागा तुमची. पण मला आधी तो चहा द्या."

पहिला हुकूम तिनं त्याच दुपारी काढला: नवा प्रॉडक्ट मॅनेजर आधी तळमजल्यावर बसेल, मग वर. सगळ्यात मोठ्यानं टाळी वाजवली ती फुगेवाल्यानं.

घरी बातमी सांगितली तेव्हा सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी सांगतच होते सगळ्यांना!" मग जरा वेळानं त्या कुरकुरल्या, "पण काय गं, हल्ली त्या गोड मुलींशी बोलणंच होत नाही. बटण दाबलं की झालं काम."

एवढ्या वर्षांत इतकी आवडलेली तक्रार तिनं ऐकली नव्हती.

"उद्या चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आता तिथे चहा गरम मिळतो."