दोरीच्या आत बसवलेली बाई

इकडं ये गं पोरी, अशी जवळ सरक. तू तिकडं साताऱ्याच्या बाजूला, मी इकडं मिरजेत, तरी कागदावर का होईना, माझ्यापाशी बस. आणि मी बोलत असताना ‘हो मावशी, हो मावशी’ करत मान हलवू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. हो म्हणायचं आणि करायचं ते आपलंच.

परवा तुझा निरोप आला. ‘मावशी, सांगलीच्या कार्यक्रमाला त्याच लोकर कातणाऱ्या आजी मिळतील का? खूप ऑथेंटिक वाटतात.’ चहा हातात होता, तो मी तसाच ओट्यावर ठेवला. वाटतात? बाई आहे ती. चांगली हाडामांसाची, पंधरा-सोळा वर्षं माझ्या ओळखीची. दोन दिवस मी तुला उत्तर दिलं नाही, कारण तोंडात जे येत होतं ते सख्ख्या बहिणीच्या लेकीला लिहिण्यासारखं नव्हतं. आता जरा निवले आहे. पण फार नाही.

तू वडोदऱ्याला जाऊन संग्रहालयाचं शिक्षण घेतलंस. ज्या संग्रहालयात मी सव्वीस वर्षं काढली, तिथंच शिक्षण अधिकारी झालीस, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. मी सातवी पास. तिकीट खिडकीवर बसायला घेतलं होतं मला. शिक्षण अधिकारी असं काही पद असतं हेही कुणाला माहीत नव्हतं. शाळा यायच्या त्या सहलीच्या गाडीतून. गुरुजी शिट्टी फुंकायचे, पोरं रांगेत, हात मागं बांधलेले, तोंडावर बोट. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. मी खिडकीत चहा ओतून ठेवायची, तो निवायच्या आत पन्नास पोरांचा वर्ग सगळं संग्रहालय बघून बागेत भेळ खायला गेलेला असायचा. मला राग यायचा. तेव्हापासूनचा आहे हा राग, आजचा नाही.

एक दिवस मी साहेबांना म्हटलं, पोरांना जरा बसवू का? साहेब म्हणाले, “बसवा की, पण काच फुटली तर तुमच्या पगारातून.” झालं, एवढीच माझी नेमणूक. पुढचं सगळं चुकत चुकत शिकले. शाळेला नुसतं पत्र टाकून चालत नाही, आधी आपण शाळेत जाऊन यावं लागतं. गाडीतून उतरल्यावर पोरांना पहिल्यांदा मुतारी दाखवायची, नाहीतर तुमची कुठलीही तलवार त्यांना दिसत नाही. गुरुजींना ऑफिसात चहाला बसवायचं, म्हणजे ते मधे येऊन उत्तरं सांगत नाहीत. एका वेळी वीस पोरं आणि एकच वस्तू. दहा वस्तू दाखवल्या की घरी एकही जात नाही. हे तुझ्या पुस्तकात असेल-नसेल. माझ्या पायांत आहे, दुखतात म्हणून आठवतं.

माझी वस्तू घोंगडं होती. नोंदीत नसलेला एक तुकडा साहेबांनी मला वापरायला दिला होता. पहिल्यांदा मी काय मूर्खपणा केला, सांगू? मी विचारलं, “हे कुणाच्या घरी आहे?” एकही हात वर नाही. वर्गात उसाच्या रानातली, बागायतदारांची पोरं होती, आणि तिकडं माणदेशाकडची, मेंढरं राखणाऱ्यांचीही चार-पाच होती. ती चार-पाच जमिनीकडं बघत बसली. एक पोरगं नाक धरून म्हणालं, “बाई, मेंढराचा वास येतोय,” आणि सगळे खिदळले. त्यातल्या कुणाचे कान तापले ते मला दिसलं. तो कार्यक्रम मी बिघडवला, मीच.

पुढच्या वर्गाला मी प्रश्न बदलला. घोंगड्यावर हात फिरवायला दिला आणि विचारलं, हे असं कडक कशानं झालं असेल? बागायतदारांच्या पोरांनी डिंक सांगितला, भाताची पेज सांगितली, एकानं फेविकॉल सांगितला. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “चिंचोक्याची खळ.” तुला गं कसं ठाऊक? “आमच्या वाडीत करत्यात.” मग सगळा वर्ग तिच्याकडं वळून बसला. चिंचोके भाजायचे का, दळायचे का, वास कसा येतो. पंधरा मिनिटं तीच शिकवत होती, मी गप्प. त्या दिवसापासून मी ठरवलं, पहिला प्रश्न असा काढायचा की ज्याचं उत्तर फक्त मागच्या रांगेतल्यालाच येतं. माझं सगळं शास्त्र एवढंच.

आणि मग ही बाई आली. तुझी ऑथेंटिक आजी. बाजाराला आली होती, तिकीट न काढता आत शिरली, आणि काचेतली टकळी बघून मला म्हणाली, “बाई, ही उलटी टांगलीया.” खरंच उलटी होती. सगळ्या थोरामोठ्यांनी ती बघितली होती आणि कुणाला कळलं नव्हतं. मी तिला म्हटलं, पोरांना शिकवाल का? ती म्हणाली, “मला काय शिकवाया येतंय? शिव्या द्याया येत्यात.” दहा वर्षं येत राहिली. जाजमावर पोरांच्या मधोमध बसायची, प्रत्येकाच्या हातात लोकरीचा पुंजका द्यायची आणि खरंच शिव्या द्यायची. “आरं, सूत कातायला सांगितलं तुला, बैलाचं दावं वळतुयास व्हय रं?” पोरं पोट धरून हसायची आणि कातायची. हेडमास्तरांनाही सोडलं नाही तिनं. “गुरुजी, तुमच्यापरास तुमची पोरं बरी.”

मी निवृत्त झाले, इमारत दुरुस्तीला काढली, सगळं बंद पडलं. मग तू आलीस. तुझा फोन आला, “मावशी, उद्घाटनाला शाळा बोलावतेय, तुमच्या आजींना सांगाल?” मी हरखून गेले. तिच्याकडं स्वतः गेले. ती एकच म्हणाली, “येती की. पर माजी नात हाय तितल्या वसतिगृहात, सातवीला. तिचा वर्ग आना. तिला कवा दावलंच न्हाई मी काय करती ते.” तू वर्ग बोलावलास. इथपर्यंत तुझं सगळं बरोबर.

त्या दिवशी माझी एस.टी. उशिरा आली, मी पोचले तर कार्यक्रम सुरू झालेला. आत गेले आणि मला ती दिसेचना. जाजम कुठं आहे म्हणून बघते तर जाजमच नाही. लाकडी चौथरा, मागं रंगवलेली बाभळीची झाडं, पुठ्ठ्याच्या दोन मेंढ्या. पुढं पितळी खांबांना लाल दोरी. आणि दोरीच्या आत ती, चमचमत्या काठाचं भाड्याचं नऊवारी, नाकात दाबाची नथ. अगं, ती जन्मभर नऊवारीच नेसते! नातीचा वर्ग येणार म्हणून नवीन सुती लुगडं नेसून आली होती. ते तुम्ही सोडायला लावलंत आणि नाटकाच्या सामानातलं नेसवलंत. समोर पाटी, ‘पारंपरिक मेंढपाळ स्त्री’. बोलू नका, हात लावू नका.

पोरं रांगेत, हात मागं. सव्वीस वर्षं मी जे हात सोडवले, ते तू परत बांधलेस.

एका पोरानं विचारलं, “सर, ही खरी हाय का पुतळा?”

“पुतळाच आहे. पुढं चल.”

“पापणी हलली रं हिची!”

ती ऐकत होती. टकळी फिरवत होती आणि ऐकत होती. तुम्ही तिला सांगितलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून. शब्द पाळायची तिला सवय आहे.

मग तिचा फोन वाजला. कमरेच्या पिशवीतून काढून तिनं कानाला लावला आणि रानात ओरडतात तशी ओरडली. “आगं, पाय पुढं आलाय का डोस्कं? मग हात घालू नगंस! मामंजीला बोलीव. आन तिच्या तोंडाम्होरं हुबी ऱ्हा, भ्याली आसंल ती.” सगळी रांग थांबली. पोरांनी दोरी पोटानं पुढं रेटली.

“आजी, काय झालं?”

“मेंढी व्याया लागलीया रं. पयल्या वेताची हाय.”

“कोकरू आडकलंय?”

“आजी, तुमची मेंढरं कुठं हायती आत्ता?”

“पलूसच्या म्होरं, ऊस तुटलेल्या रानात. तुज्याच बाच्या रानात आसतील, काय सांगावं!”

हसली गं पोरं. हात मागचे पुढं आले. एक तर खाली मांडी घालून बसलं. मी दारात उभी होते, मला वाटलं, चला, जमलं. तुमच्या सगळ्या खर्चाच्या दिवसात शिक्षण म्हणावं असं काही झालं असेल तर ते त्या दोन मिनिटांत झालं. आणि तू आलीस, गळ्यात ओळखपत्र, “आजी, प्लीज, फोन नको, पाहुणे येतायत,” असं म्हणत तिच्या हातातला फोन काढून घेतलास. चालू असलेला. पलीकडं तिची सून बोलत होती. हसत हसत काढून घेतलास, लहान मुलाच्या हातातून कात्री काढतात तसा.

पुढची रांग तिच्या नातीच्या वर्गाची होती. त्यांनी ते बघितलं. एका मुलीनं नातीला कोपर मारून विचारलं, “ती तुजी आजी न्हवं का गं?”

नात म्हणाली, “न्हाई. आमची आजी घरी हाय.”

टकळी थांबली. ती चौथऱ्यावरून उतरली, आत जाऊन स्वतःचं लुगडं नेसली, नथ तुझ्या माणसाच्या हातावर ठेवली, फोन मागून घेतला. माझ्यासमोर येऊन म्हणाली, “बाई, दर खेपंला मी पोरास्नी शिकवाया यायची. आज कशाला बलीवलं हुतं मला?”

मी काय म्हणाले माहीत आहे? काही नाही. पाहुणे दारात, तू माझी भाची, चारचौघांत कशाला, असं मनात आलं आणि मी गप्प बसले. तुझ्यावर चिडले आहे ती चिडलेच आहे, पण माझ्यावर त्याहून जास्त. ती आली होती माझ्या शब्दावर. तुला तर ती ओळखतही नव्हती.

नंतर तुझा अहवाल वाचला. ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ हो, उत्स्फूर्तच होता. तूच थांबवलास.

तुला कुणी वाईट म्हणत नाही गं. पाहुणे, फोटो, वरून दट्ट्या, मला काय ठाऊक नाही? पण तुला एवढं शिकवलं, त्यात कुणीच का सांगितलं नाही की समोरच्या माणसाला विचारायचं असतं, बाई, तुम्हाला कुठं बसायचंय?

मी पलूसकडं दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिनं चहा दिला, पावसापाण्याचं बोलली, ते सोडून सगळं बोलली. सुट्टीत नात आली नव्हती. अभ्यास आहे, वसतिगृहातच राहते, असा निरोप धाडला होता तिनं. दर सुट्टीला मेंढरांत येणारी पोरगी. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हातारीनं एकदम विचारलं, “फोन घेनारी ती पोरगी कोन?”

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “माझ्या बहिणीची लेक.”

तिनं कातलेलं सूत टकळीवर गुंडाळलं. मग म्हणाली, “मग तुमचंच मानूस की. सांगा तिला, मी तितं यायची न्हाई. पर नातीचा समदा वर्ग हितं आन म्हनावं, मेंढरांत. तिच्या मैतरनींम्होरं मी माज्या जागंवर बसती. मग नात काय म्हनती ते बगू.”

आता ऐक. माझ्या पत्राला शाळा हिंग लावून विचारणार नाही, मी कोण? पत्र तुझ्या सहीनं जायला हवं, गाडी तुझ्या ऑफिसची हवी, मुख्याध्यापकांना तूच भेटायला हवंस. सांगलीचा कार्यक्रम ठेव बाजूला. कळप आठ-दहा दिवसांत पुढं सरकणार, मग तो कुठल्या रानात गाठायचा? आणि वर्ग न्यायच्या आधी तू स्वतः तिला भेटायचं. पाठवलेली क्षमा तिला चालत नाही, समोर बसून बोलावं लागतं. मी बरोबर येईन, पण बोलणार तू.

तेव्हा शनिवारी दुपारच्या एस.टी.नं मिरजेला ये. तुला आवडतात म्हणून ज्वारीच्या कण्या शिजवून ठेवते, ताक आहेच. रविवारी सकाळी लवकर पलूसकडं निघू. माझा राग अजून गेलेला नाही, तो तुला ताटावर ऐकावा लागेल, त्याला इलाज नाही. पण ये. उशीर करू नकोस, लवकर ये.