जपान लागलंय!

मंगळवार पेठेत आमच्यासमोर राहणाऱ्या या म्हाताऱ्यानं तरुणपणी किट मागवून, स्वतः तारांना डाग देऊन बिनतारी संच, म्हंजे हॅम रेडिओ, जोडला. अजून रोज त्याच्यावर परदेशातल्या अनोळखी माणसांची ख्यालीखुशाली विचारतो. गल्लीत मात्र कुणाला "बरं हाय का?" म्हणणार न्हाय. नवी सून असताना मला तो शास्त्रज्ञच वाटायचा. त्याच्या बायकोचा हेवा करायचे मी, अक्कलच तेवढी!

परवा ती न्हाणीत घसरली. हाका ऐकून मी धावले. हा शेजारच्याच खोलीत, हेडफोन लावून. मी त्याच्या एका कानावरचा सरकवला.

"अवो, बायको पडलीया तुमची!"

"थांबा की वहिनी, जपान लागलंय!"

मी एकटीनंच तिला उठवलं. पाय टम्म सुजलेला. बाहेर हा जपानला इंग्रजीत सांगत होता, "आमच्याकडं सगळे मजेत आहेत."