आबांच्या मानेची फिल्म

माझे वडील, आबा, सुभेदार होऊन सैन्यातून निवृत्त झाले आणि उंब्रजला ऊस करू लागले. साठी उलटली तरी चालणं ताठ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मात्र त्यांच्या पायांचं काहीतरी बिनसलं. मी तेव्हा साताऱ्याला शाळेत शिकवायचे. सुट्टीत घरी गेले, तर आबा बांधावरून पाय फाकवून, अंदाज घेत येताना दिसले. एक चप्पल मागेच गळून पडली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

आई हळूच म्हणाली, "सदऱ्याची बटणं आता मीच लावते. त्यांच्या बोटांस्नी ती गावतच न्हाईत."

दुखत काहीच नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं. गावात कुजबुज वेगळीच. एका चुलत्यांनी मला एसटी स्टँडवर गाठलं. "आबा सकाळपासनंच घ्यायला लागलाय काय गं? लय झोकांड्या खातोय." ते आबांच्या कानावरही गेलं असावं. त्यांनी गावात बसणं-उठणं सोडलं, आणि घरात कुणी विचारलं तर उठून गोठ्यात जायचे.

कराडला कमरेचा फोटो काढला. वयाची झीज आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. दिवाळीपर्यंत आबा भिंतीला हात लावल्याशिवाय उभे राहीनात. मग मी त्यांना सांगलीला मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आबांचा हात हातात घेतला, मधल्या बोटाचं नख दाबलं आणि झटकन सोडलं. अंगठा आपोआप आत वळला. दुसऱ्या हाताचंही तसंच झालं.

"दोष कमरेत नाही," डॉक्टर म्हणाले. "मानेत आहे."

"पर मान तर कवाच दुखली न्हाई," आबा म्हणाले.

"काहींची दुखतच नाही. म्हणूनच उशीर होतो."

एमआरआयसाठी आम्ही पुण्याला गेलो आणि फिल्म घेऊन पुन्हा सांगलीला आलो. डॉक्टरांनी ती दिव्याच्या काचेवर लावली. मज्जारज्जू करड्या दोरीसारखा वरून खाली उतरत होता. त्याच्या पुढं-मागं पाण्याची पांढरी रेघ होती. मानेच्या मध्यावर झिजलेली चकती आणि वाढलेलं हाड आत घुसलं होतं. तिथं दोन्ही रेघा तुटल्या होत्या आणि दोरी चेपून बारीक झाली होती. त्या चेपलेल्या जागीच, दोरीच्या आत, एक पांढुरका ठिपका होता.

"हा ठिपका काय?" मी विचारलं.

"रज्जूला झालेली इजा. ऑपरेशननं दाब काढता येईल. गेलेलं सगळं परत येईल, असं मी सांगणार नाही."

आबा फिल्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई केलं तर?"

"चाकांच्या खुर्चीवर बसावं लागेल. कदाचित अंथरुणावर."

"मग करा."

ऑपरेशन नीट झालं. बोटांत थोडी पकड आली, हातातला पेला सांडेनासा झाला. पाय तसेच ताठर राहिले, पण आणखी बिघडले नाहीत. काही महिने आधी गेलो असतो तर, हा प्रश्न मी डॉक्टरांना कधी विचारला नाही.

आबा काठी घेऊन रोज मळ्यापर्यंत जायचे. आई काहीतरी काम काढून मागून जायची, थोडं अंतर राखून. आबांना ती मागं असल्याचं ठाऊक असायचं. ते वळून बघत नसत.