अल्बेनियापायी तुटलेली मैत्री

उज्जैन स्टेशनच्या पार्सल ऑफिसातले माणिकराव पोतनीस आणि कपडा मिलमधला गोपाळ दिघे म्हणजे सख्ख्या भावांसारखे कॉम्रेड. संपात दोघांनी एकत्र लाठ्या खाल्ल्या होत्या. पुढे अठ्ठ्याहत्तर साली चिमुकल्या अल्बेनियाच्या कम्युनिस्ट पक्षाचं चीनशी बिनसलं. माणिकराव अल्बेनियाच्या बाजूचे, गोपाळ चीनच्या. टावर चौकातल्या चहाच्या टपरीवर, भर गर्दीत, माणिकरावांनी त्याला गद्दार म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद झालं.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये रेडिओवर बातमी आली. अल्बेनियाच्या त्या पक्षाने जुना मार्ग सोडला होता, नावसुद्धा बदललं होतं. माणिकरावांनी रेडिओ बंद केला. मग सायकल काढून ते नानाखेड्याला गोपाळच्या घरी निघाले.

गोपाळच्या बायकोने, सुमतीवहिनींनी दार उघडलं. त्यांचं कपाळ मोकळं होतं.

"उशीर केलात, भावजी. होळीनंतर गेले ते. मिल बंद पडली अन् त्यांनी अंथरूणच धरलं."

"मला का नाही कळवलं?"

"मी म्हणत होते, बोलावून घेते. ते म्हणाले, राहू दे. माणिक स्वतःहून आला तर ठीक, बोलावलं तर त्याला हरल्यासारखं वाटेल."

वहिनींनी माणिकरावांना पाणी आणून दिलं. एका हातात तांब्या धरून ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. वहिनी त्यांच्याजवळ येऊन बसल्या.