दुसऱ्या बाईचं लुगडं

आमच्या कोकणातल्या गावात वऱ्हाडाला मोगलाईच म्हणत. इंग्रजांनी तो मुलूख कधीच हातात घेतला होता, पण लोकांच्या तोंडचं नाव बदललं नव्हतं. माझ्या नवऱ्याला अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कारकुनी मिळाली आणि आम्ही दोघं निघालो, तेव्हा मी परक्या राज्यात चालले आहे असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं होतं.

मुंबईपर्यंत मचव्यातून आलो, तिथून पुढे आगगाडी. गाडीत बसायची माझी ती पहिलीच वेळ. कपड्यांचं बोचकं खिडकीशी ठेवलं होतं. मधे कुठेतरी इंजिनातली ठिणगी उडून त्यात शिरली. जळका वास आला, पण तो आगगाडीचाच असेल असं आम्हाला वाटलं. धूर दिसला तोवर माझी दोन्ही लुगडी आणि यांची धोतरं आतून जळून गेली होती. अकोल्याला उतरले ती अंगावरच्या एका लुगड्यानिशी.

आम्ही एका कुणब्याच्या घरी भाड्यानं राहिलो. घरमालकीण माझ्याहून बरीच मोठी. पहिल्याच दिवशी मला सरळ 'तू' म्हणाली, आणि मला लुगडं धुऊन ओलेत्यानं चुलीपाशी बसलेली पाहून काय झालं ते विचारलं. नवं घ्यायचं तर कापडाचे भाव ऐकून हे दुकानातून रिकाम्या हातांनी परत आले होते. मला याचं फार नवल वाटे. रस्त्यानं दिवसभर कापसाच्या गाड्या चालत, झाडाझुडपांना कापूस अडकलेला असे, आणि त्याच गावात नेसायला लुगडं मिळू नये? घरमालकिणीनं समजावलं, की कापूस सगळा जहाजानं बाहेर जातो, कापड होऊन परत येतो तेव्हा तो आपला राहत नाही. मग म्हणाली, चल, नदीपलीकडे जाऊ.

मोर्णा ओलांडून जुन्या शहरात गेलो. एका अरुंद बोळात ओट्यावर एक मुसलमान म्हातारी जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन बसली होती. ती गावोगाव हिंडून पितळेच्या भांड्यांवर जुने कपडे घेई आणि इथे आणून विकी. मी थबकले. माहेरी काय, सासरी काय, परक्याच्या अंगचं कापड नेसायचं नाही असा दंडक. त्यातून ते कुणा मेलेल्या बाईचं असलं तर? मी घरमालकिणीच्या कानात बोलले, पण म्हातारीनं ऐकलं.

"मेलेल्याचं नाई वो बाई," ती शांतपणे म्हणाली. "घरात पैसा आला, तं जुनं बाहेर निंगालं."

हे मला नवीनच होतं. जुनेरं गरिबाघरून येतात एवढंच मला ठाऊक. इथे ती सुखवस्तू घरांतून येत होती. मी खाली बसले आणि मग किती वेळ गेला कळलं नाही. घरमालकीण प्रत्येक लुगडं उजेडात धरून विरलं कुठे ते बघे, काठ दोन्ही हातांनी ओढून बघे, शेवटी हुंगे. मीही तसंच करू लागले. एकाला चुलीचा वास होता, एकाला मेथीचा. एका चोळीच्या बाह्या दंडापाशी उसवून सैल केल्या होत्या. ती बाई लग्नानंतर सुखात असणार, असं माझ्या मनात आलं. शेवटी मी एक गडद हिरवं, तांबड्या काठाचं लुगडं उचललं. पदराजवळ ते फाटलेलं होतं आणि निळ्या दोऱ्यानं इतकं बारीक शिवलेलं, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. घरी येऊन रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतलं आणि नेसले. अंगाला ते नव्यापेक्षा मऊ लागलं. पण दिवसभर काम करताना एकच विचार, ही कोण असेल?

त्याचं उत्तर आपणहून आलं. बाजाराच्या दिवशी घरमालकिणीबरोबर वांगी निवडत होते, तर मागून कुणीतरी पदर धरला. वळून पाहिलं तर रेशमी लुगडं नेसलेली, उन्हानं रापलेली, चाळिशीची बाई. तिनं पदर उलटा केला, निळ्या टाक्यांवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे माह्यं हाये."

चोरीचा आळ येतोय असं वाटून मी म्हातारीचं, ओट्याचं, सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिनं तिच्या बाजूचं सांगितलं. कापूस विकून नवऱ्यानं तिच्यासाठी रेशमी लुगडी आणली, आणि ती माहेरी गेली असताना जुनी सगळी घागरीवर देऊन टाकली. घागर चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, असंही तिनं सांगितलं. पण रेशीम शेतात टिकत नाही आणि घामानं अंगाला चिकटतं.

मी म्हटलं, घरी या, सोडून देते. मग पुन्हा एकाच लुगड्यावर यावं लागलं असतं, तरी म्हटलं.

"अंगावरचं कशी घेऊ?" ती म्हणाली. "जरा फिर. मांगून पाहू दे."

भर बाजारात मी पाठमोरी उभी राहिले. ती दोन पावलं मागे सरकून पाहत राहिली. आठ वर्षं ते लुगडं ती नेसली होती, पण नेसल्यावर कसं दिसतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. नंतर तिनं माझा कासोटा घट्ट केला, कोकणी नेसण्यानं खालचा काठ लवकर झिजेल म्हणून बजावलं, आणि कापसाच्या वेचणीच्या वेळी आपल्या गावी यायला सांगून बैलगाडीकडे गेली.

वेचणी सुरू झाली तशी मी घरमालकिणीबरोबर खरंच गेले. पाहुणी येणार म्हणून ती बाजारातली बाई रेशीम नेसून ओट्यावर अवघडून बसली होती. जेवणं झाल्यावर आत गेली आणि साधं सुती लुगडं नेसून, मोकळी होऊन बाहेर आली. ते कुठून आणलं विचारलं तर हसली. त्याच म्हातारीकडून आणलं होतं, दुसऱ्या कुणाचं. आम्ही शेतात गेलो. पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस काढताना वाळलेली टोकं बोटांत शिरतात हे मला तेव्हा समजलं. ती दोन्ही हातांनी वेचत होती आणि मला समुद्राबद्दल विचारत होती. पाणी खरंच खारट का, पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही. मुंबईच्या बंदरावर कापसाच्या गठाणी रचलेल्या मी पाहिल्या होत्या, ते सांगितलं.

ती थांबली. "जहाजात चढवताना पाह्यल्या?"

"पाहिल्या."

"मंग तिकडं कोन नेसते तो?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. तिनं थोडा विचार केला, तिकडे थंडी असेल तर जाड विणत असतील असं म्हणाली, आणि ओटीतला कापूस खाली दाबून पुढच्या तासाला, झाडांच्या ओळीला, लागली. मी तिच्या शेजारचा तास धरला.