हात सांगेपर्यंत

गाईच्या पोटात हात गेला की डॉक्टर डोळे मिटायचे. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा, गाल गाईच्या पुठ्ठ्याला टेकलेला आणि डोळे बंद. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, या माणसाला डुलकी लागली. मालक बिचारा पाय बदलत विचारायचा, "काय वो, गाभण राहिलीय काय?" हात बाहेर काढून, मोजा उलटा करून, कोपरापर्यंत साबण लावून धुतल्यावरच डॉक्टर तोंड उघडायचे. "हातानं सांगेपर्यंत तोंडानं बोलायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे साध्या भाषेत शेपटी धरणारा. अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी शेपट्या धरल्या. ते वाक्य मी घरी इतक्यांदा सांगितलं की पुढे बायकोच मला ऐकवायला लागली.

डॉक्टर घाटावरचे. आमच्या गुहागर तालुक्यात येऊन मासे खायला काही शिकले नाहीत, पण आमच्यासारखं लांबवून "हो" म्हणायला शिकले. रागावले की मात्र पुन्हा घाटावरचे व्हायचे.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना डोक्यात नवीन खूळ घेऊन आले. गाईच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, वर तरंगणारं पिवळसर पाणी काढून ते पुन्हा फिरवायचं, आणि तळाशी जो दाट भाग जमतो तो पातळ नळीने त्याच गाईच्या गर्भाशयात सोडायचा. त्यात म्हणे जखम भरून आणणारा ऐवज असतो. आतलं खराब झालेलं अस्तर त्याने नव्याने धरतं.

"तिचंच रक्त, तिलाच औषध," डॉक्टर सगळ्यांना सांगायचे.

"आणि खात्री?" मी विचारलं.

"खात्री नाही. पण बाकीचं सगळं करून झालंय की."

अंजनवेलच्या बाजूला एवढा मोठा वीज प्रकल्प, पण आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते. यंत्र मध्येच थांबलं की डॉक्टर नळ्यांकडे बघत बसायचे आणि रक्त काढून घेतलेली गाय त्यांच्याकडे बघायची. मग पुन्हा सुई. पहिल्या तीन गाई उलटल्या. उलटल्या म्हणजे रेतन करून एकवीस दिवस झाले आणि परत माजावर आल्या, गर्भ राहिला नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता हे खूळ जाईल. कसलं जातंय?

चौथी तांबू. हेदवीच्या अलीकडच्या वाडीतल्या एका काकीची छोटीशी गावठी गाय. दोनदा नीट व्यायली, तिसऱ्या वेळी वार अडकली, आत पू झाला आणि तेव्हापासून दोन वर्षं उलटतच होती. काकीचा नवरा वारलेला, मुलगा मुंबईत. मुलाचं म्हणणं, आता भाकड गाईसाठी गावात कशाला राहतेस, घर बंद कर आणि चल. काकीने त्याच्याकडून एक शेवटचं वर्ष मागून घेतलं होतं.

"गाय हाय तवर माजा चुला पेटतोय," ती डॉक्टरांना म्हणाली. "तिकडं खोलीत बसून काय करू मी? भिंतीशी बोलू?"

तांबूइतकी गुणी गाय मी पाहिली नाही. आमच्या आवारात लोखंडी खोडा आहे, त्यात जनावर उभं करून तपासतात. इतर जनावरांना दोघांनी ओढून आत घालावं लागतं. तांबू दुसऱ्या खेपेपासून आपणहून आत जाऊन उभी राहायला लागली. "बघ," डॉक्टर म्हणायचे, "पेशंट स्वतः बेडवर गेला. जरा शिका."

तिच्या वेळी लाईट गेली नाही. दाट भाग छान जमला. पुढच्या माजाला रेतन केलं. एकवीस दिवस झाले, तांबू माजावर आली नाही. बेचाळीस झाले, तरी नाही. काकी धापा टाकत दवाखान्यात आली.

"डाक्तर, राहिली काय वो?"

मी सवयीने ते वाक्य ऐकायला कान टवकारले. डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बहुतेक राहिलीय. दोन महिने पुरे झाले की घेऊन या, हातानं बघू."

मला त्या वेळी बोलायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही ते ऐकून बरं वाटलं. आणि काकीने त्यातलं "बहुतेक" वाटेतच कुठेतरी टाकून दिलं.

दोन महिने भरल्यावर ती आली ती ओटीचं सामान घेऊन. सोबत वाडीतल्या दोघी. मी म्हटलं, "काकी, आधी तपासू तरी द्या." ती म्हणाली, "तपासा की, कोण नको बोलतोय?" आणि खोड्यात उभ्या तांबूला हळदकुंकू लावलं, शिंगांना हिरवा खण गुंडाळला, नारळ पुढ्यात ठेवला. ओटीचे तांदूळ तांबूने तिथल्या तिथे फस्त केले. सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसले, मोजा चढवता चढवता.

मग गाल पुठ्ठ्याला, डोळे बंद. मी शेपटी धरून उभा. हात बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नंतर ते नळावर गेले आणि हात धूतच राहिले.

"काकी, काही नाहीये," शेवटी म्हणाले. "पिशवी रिकामी आहे. माज थांबला तो गर्भ राहिला म्हणून नाही. आतलं कामच थांबलंय."

"पन तुमी बोललात..."

"बोललो. माझं चुकलं."

काकी रडली नाही. खण सोडायला गेलेल्या बाईला तिने अडवलं. "ऱ्हांदे. भरलेली ओटी काडू नये." डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा करून बघू, या वेळी अंडाशयातच सोडू. काकीने तांबूच्या मानेवरून, जिथे सुया टोचल्या होत्या तिथून हात फिरवला. "नको वो. फुरे झाला तिला. किती रगात काडाल?"

डॉक्टरांनी यंत्र धुऊन, पुसून कपाटात ठेवलं. उरलेले चार महिने ते खाली उतरलं नाही. गाभण तपासणीला आलेल्या मालकाने काही विचारलं की ते नुसते मान हलवायचे. आपलं वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. मला ते ऐकायचं होतं, पण मागायचं कसं?

गणपती झाल्यावर मुलगा काकीला घेऊन गेला. भाकड गाय घेणार कोण? जाताना तांबूचं दावं सोडलं. पुढच्याच महिन्यात डॉक्टर निवृत्त होऊन घाटावर परतले.

मधूनमधून त्यांचा फोन येतो. पाऊसपाणी विचारतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात, आणि ठेवता ठेवता म्हणतात, "ती तांबू दिसते का रे कुठं?"

"नाही हो डॉक्टर," मी सांगतो. "कोणीतरी नेली असेल. चांगल्या घरी असेल."

खरं म्हणजे ती रोज येते. सकाळी मी फाटक उघडलं की वरच्या कातळाच्या सड्यावरून खाली उतरते, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीय, आणि सरळ खोड्यात जाऊन उभी राहते. बांधायला लागत नाही. दुपारपर्यंत तशीच उभी असते.